पिवळ्यावर पिवळं

भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या हाटात बदाम आंबा आला की माझी उन्हाळ्याची यादी सुरू होते. कूलरची खस बदलायची, पाण्याची टाकी धुऊन घ्यायची, करोंदच्या धान्यबाजारातून वर्षाचा शरबती गहू आणायचा, त्याला दोन उन्हं देऊन, एरंडेल चोळून पिंपात भरायचा. मी एका शाळेचं कार्यालय सांभाळते. घरही साधारण त्याच पद्धतीने चालवते. गेली चार वर्षं या यादीतली एक ओळ गळाली आहे. खोडली नाही मी ती. नव्या वर्षाच्या कागदावर उतरवली नाही, एवढंच. त्या ओळीत लिहिलेलं असायचं : बाबांकडे रस.

परवा आंबेवाल्याने माझ्या तळहातावर एक फळ ठेवलं आणि म्हणाला, "दीदी, रस का माल है, पेटी खोल दूँ?" अर्धा किलो पुरेल म्हटलं. घरी दोघंच. त्यातून नवऱ्याला, विवेकला, साखरेचं पथ्य. परत येताना चार इमली वसाहतीच्या रस्त्यावर बहावा फुललेला होता. इथे त्याला अमलतास म्हणतात. पानं दिसत नाहीत, नुसते पिवळे झुबके लोंबत असतात, आणि लोक गाड्या बाजूला घेऊन फोटो काढतात. मी काच वर केली आणि पुढच्या गाडीचा नंबर वाचत बसले.

बाबा नागपूरहून भोपाळला आले ते इथल्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून. यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढण्यात सगळी नोकरी गेली. रेघ जरा जाड झाली तर त्या दिवशी ते घरात कुणाशी धड बोलत नसत. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावरचं एक घर घेतलं. आई गेल्यावरही ते तिथेच राहिले, एकटे आणि नीटनेटके. मग त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू झाला. मधलं दिसेनासं झालं, कडेचं दिसत राहिलं. समोरच्या माणसाला बघायचं तर त्यांना त्याच्या खांद्यापलीकडे बघावं लागे. नव्या माणसाला वाटे, म्हातारा आपल्याला टाळतोय. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, आहे तेवढी सांभाळा.

सांभाळायचं काम माझं. हार्डवेअरच्या दुकानातून मी पिवळ्या चिकटपट्टीची चार रिळं आणली आणि एका रविवारी त्यांचं घर हातात घेतलं. करड्या पायरीच्या कडेला पट्टी. गॅसच्या काळ्या बटणावर पट्टी. कडीला, नळाला, पंख्याच्या बटणाला पट्टी. न्हाणीघरात पिवळी बादली, पिवळा मग. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. सगळं झाल्यावर घरभर एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "तुझ्या आईने जन्मभर या घरात पिवळा रंग येऊ दिला नाही. आता बघ म्हणावं."

पण उपयोग झाला. त्यांचं ठेचकाळणं थांबलं. पिवळं तेवढं आपल्या बाजूने आहे, असं ते म्हणायला लागले. मी ते वाक्य मनात लिहून घेतलं, आणि नको तितकं ठळक लिहून घेतलं.

माझा मोठा भाऊ, श्रीकांतदादा, पुण्याला असतो. त्या वर्षी मार्चमध्ये बाबांनी गॅसवर दूध ठेवलं आणि विसरले. भांडं जळलं, धूर झाला, शेजारच्या सक्सेनाजींनी येऊन गॅस बंद केला. विसरायला डोळे अधू असावे लागत नाहीत, माझ्या हातूनही दूध करपलं आहे. पण सक्सेनाजींनी काळजीपोटी दादाला फोन केला आणि दादाचं ठरलं. मे महिन्यात तो आणि वहिनी तीन दिवस येणार. बाबा एकटे राहू शकतात असं दिसलं तर राहू देत. नाही दिसलं तर जाताना बरोबर न्यायचं.

मी बाबांना सांगितलं तेव्हा ते रेडिओची बटणं चाचपत होते. म्हणाले, "परीक्षा आहे म्हणजे. तोंडी की लेखी?"

"प्रॅक्टिकल," मी म्हटलं.

ते हसले. मग हसणं थांबवून, माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाले, "नंदे, मला इथून हलवू देऊ नकोस. या घरात मला दिसतं."

ते अक्षरशः खरं होतं. पलंगापासून दार सात पावलं, दारापासून ओटा चार, ओट्यावर डाव्या हाताला चहाचा डबा, त्याच्यामागे साखर. डोळ्यांनी सोडून दिलेलं काम त्यांच्या पायांनी आणि हातांनी उचललं होतं. ते घर म्हणजे त्यांनी काढलेलं शेवटचं ड्रॉइंग होतं, आणि ते कागदावर कुठेच नव्हतं.

पिवळ्या जेवणाची कल्पना मला माझ्या मुलीमुळे सुचली. ईशा बंगळूरला असते. तिच्या मैत्रिणीने उन्हाळ्याचं म्हणून सगळं पांढरं जेवण केलं होतं. पांढरे पदार्थ, पांढरे कपडे, मोगऱ्याची फुलं. तिने फोटो पाठवले. मी ते शाळेच्या ऑफिसात, दाखल्यांच्या गठ्ठ्यासमोर बसून पाहिले आणि मला एकदम उपाय सापडल्यासारखं झालं. दादाच्या मुक्कामाच्या तिसऱ्या संध्याकाळी बाबांनी आपल्या घरी जेवायला बोलवायचं. आम्ही चौघं आणि सक्सेनाजी. यजमान बाबा. आणि सगळं पिवळं, कारण पिवळं त्यांना दिसतं. ते सराईतपणे वाढतील, जेवतील, गप्पा मारतील, आणि दादा आपल्या डोळ्यांनी बघेल. युक्तिवाद करायची वेळच येणार नाही.

मी कामाला लागले. आमरस, पुऱ्या, कढी, आंबेडाळ, हळदीची बटाट्याची भाजी, लिंबूभात, मक्याच्या कणसाचा कीस, कैरीचं पन्हं. पडद्यांच्या दुकानातून हळदीच्या रंगाचं कापड आणून टेबलाला बेतून घेतलं. पिवळी ताटं मिळाली, वाट्या मिळवायला तीन दुकानं हिंडले. बाबांकडचे पांढरे दिवे काढून पिवळसर लावले. स्वयंपाकाला मदतीला येणाऱ्या बाईंना बजावून सांगितलं की कोथिंबीर चिरायचीच नाही, कढीवर नाही, भातावर नाही, कशावरच नाही. कढीपत्तासुद्धा मी फोडणीतून वेचून काढला. पाहुण्यांनाही पिवळे कपडे घालायला सांगितलं. वहिनीने फोनवर विचारलं, "हळद आहे का गं कुणाची?" पण साडी मात्र तिने आठवणीने आणली.

पहिले दोन दिवस बाबा उत्तम उतरले. सकाळी त्यांनी दादाला स्वतः चहा करून दिला. कपात ओतताना कडेला बोट धरून. दादाबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आले, वाटेतला उखडलेला दगड त्यांनीच दादाला सांगितला. दादाची नजर सारखी त्यांच्यामागे होती. इन्स्पेक्शनला आलेला माणूस जशी ठेवतो तशी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बरं चाललंय की." मी मान हलवली. मनात त्या कामापुढे बरोबरची खूण केली.

तिसऱ्या संध्याकाळी दिवसभर वाहणारी गरम लू पडली होती. अंगणात पाणी मारलं होतं, कूलरमधून ओल्या खशीचा वास येत होता, त्यात आंब्याचा. टेबल इतकं देखणं दिसत होतं की मी फोटो काढला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुसलेला नाही, उघडून पाहिलेलाही नाही. सक्सेनाजी पिवळा झब्बा घालून आले, दारातच थबकले आणि म्हणाले, "देशकर साहब, आप तो सरसों के खेत में बैठे हैं." बाबा हसले. पण हसताना ते वळले विवेककडे, आणि विवेक सक्सेनाजींच्या विरुद्ध बाजूला उभा होता.

तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. माणसं त्यांना चेहऱ्याने ओळखू येत नसत, कपड्यांच्या रंगांवरून आणि ठेवणीवरून येत. मी बहुतेक गडद निळं घालते, विवेक पांढरा शर्ट. त्या दिवशी आम्ही सगळे एका रंगाचे होऊन त्यांच्याभोवती फिरत होतो. सगळे बसल्यावर त्यांनी मीठ मागितलं. "नंदे, मीठ दे गं," असं ते वहिनीला म्हणाले. वहिनीने चूक दुरुस्त केली नाही. "देते बाबा," म्हणाली आणि मीठ त्यांच्या ताटाशी नेऊन ठेवलं. दादाने जेवायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

त्यांना मी टेबलाच्या टोकाला बसवलं होतं. घर त्यांचं, मान त्यांचा. माझ्या जागेवरून मला त्यांचा हात नीट दिसत होता. त्यांनी पुरीचा तुकडा मोडला, उजवीकडे नेला, वाटीत बुडवला आणि तोंडात घातला. वाटी कढीची होती. क्षणभर त्यांचा जबडा थांबला. मग ते म्हणाले, "रस छान झालाय नंदे. गोड आहे."

चवीने त्यांना कळलं नसेल असं होणार नाही. पण वाटी चुकली हे दादासमोर कबूल करायचं नव्हतं. सक्सेनाजी घाईघाईने आंब्यांबद्दल बोलू लागले, यंदा लंगडा उशिरा येणार वगैरे. बाबांनी दुसरा तुकडा मोडला. या वेळी हात जरा पुढे गेला, वाटी कलंडली, आणि कढी टेबलावरच्या कापडावर पसरली. आवाज झाला नाही. पिवळ्या कापडावर पिवळी कढी, आम्हालासुद्धा ती कुठपर्यंत गेली ते पटकन कळेना. त्यांना काहीच कळलं नाही. त्यांनी तिसरा तुकडा मोडला आणि जिथे वाटी होती तिथे, ओल्या कापडावर, पुरी दोनदा टिपली. आणि खाल्ली.

विवेकने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. वहिनी उठली, शांतपणे त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि "बाबा, हात जरा इकडे," म्हणत त्यांचा हात स्वतःच्या पिवळ्या पदराने पुसला. त्यांच्या चेहऱ्यावरून तेव्हा जे गेलं ते मी सांगू शकत नाही. पुढचं जेवण त्यांनी फक्त भातावर केलं, आणि भातही बोटांनी आधी चाचपून.

सकाळी कापड झटकायला मी अंगणात नेलं. त्यावर लिंबाची एक फोड राहिली होती. ती माझ्या हाताला लागली, तोवर मला दिसली नव्हती. चांगले डोळे असून दिसली नव्हती. तिथे उभ्याउभ्या मला ते उमगलं. त्या घरात पिवळं दिसत होतं ते पायरी करडी होती म्हणून, बटण काळं होतं म्हणून. बाबा रोज काळ्या दगडाच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात, कोथिंबीर घातलेली भाजी खात होते आणि एक शीत सांडत नव्हते. मी पिवळं तेवढं पाहिलं, त्याच्या शेजारचं पाहिलं नाही. ज्या कडांवर त्यांची नजर उभी होती त्या सगळ्या मी एकेक करून, यादीवर खूण करत, पुसून टाकल्या होत्या. कढीपत्तासुद्धा सोडला नव्हता.

मी आत जाऊन दादाला हे सांगितलं. भराभर, मुद्देसूद सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. त्याचा स्वभाव वाईट नाही. मग म्हणाला, "पटतं मला. पण नंदा, जग काही काळ्या ओट्यावर मांडलेलं नसतं. रोज कोण मांडून देणार त्यांना?"

मी देईन, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण सकाळी सातला मी शाळेत असते आणि साडेचारला घरी येते, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. माझं वाक्य तयार होण्याआधीच बाबा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "श्रीकांत, माझी बॅग माळ्यावर आहे. उजव्या कोपऱ्यात. पट्टा तुटलाय, जपून काढ." बॅग सांगितली तिथेच होती.

शाळेत मला सगळं एकसारखं लागतं. फायली एका रंगाच्या, शिक्के एका कोनात, अर्ज एका मापाचे. एकसारखं केलं की सोपं होतं, अशी माझी समजूत होती आणि तिच्यावर मी पुष्कळ वर्षं पगार घेतला. हल्ली फायलींचं कपाट उघडलं की थोडं थांबते. मुलांच्या दाखल्यांच्या फायली मी वर्गवार वेगळ्या रंगांच्या करून घेतल्या आहेत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, छान दिसतंय. छान दिसण्यासाठी केलेलं नाही, असं मी काही त्यांना सांगत बसले नाही.

बाबांचं घर अजून बंद आहे, किल्ली माझ्याकडे असते. दर पंधरा दिवसांनी जाऊन मी खिडक्या उघडते, नळ सोडते. गंजाचं लाल पाणी आधी येतं, मग साधं. पट्ट्यांच्या कडा उचकटल्या आहेत आणि त्यांच्याखाली धूळ शिरली आहे. ही फेरी माझ्या कुठल्याच यादीत नाही. विवेक विचारतो, कुठे जाऊन आलीस. मी म्हणते, भाजी आणायला.

पुण्यात बाबा चौथ्या मजल्यावर असतात. दादाचं घर मोठं आहे, उजेडाचं आहे. वहिनी त्यांचं सगळं करते, मी केलं असतं त्यापेक्षा कदाचित जास्त शांतपणे. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळे होते तसेच आहेत, आणखी बिघडलेले नाहीत. पण ते खोलीतून बाहेर येत नाहीत. दार किती पावलांवर आहे ते त्यांनी मोजलंच नाही. दादा सुरुवातीला हाताला धरून घरभर फिरवायचा. ते निमूटपणे फिरायचे आणि पलंगावर परत येऊन बसायचे. ताट त्यांच्या हातात दिलं जातं. रेडिओ वहिनी लावते, वहिनीच बंद करते.

गेल्या हिवाळ्यात मी चार दिवस तिकडे होते. एका दुपारी दादा आणि वहिनी बाहेर गेले होते. बाबा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते आणि मी त्यांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरत होते. इतकी वर्षं विचारायचं टाळलेलं तेव्हा विचारलं. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी टेबलापाशी बसल्याबरोबर तुम्हाला कळलं असेल ना, की यात काही दिसत नाहीये. मला सांगायचं."

त्यांनी चादर गुडघ्यांवर ओढून घेतली. मग म्हणाले, "बसल्यावर कशाला? आधीच कळलं होतं. पाहुणे यायच्या आधी तू मला नेऊन बसवलं होतंस की."

ते मी विसरले होते. साडेपाच-सहाच्या सुमाराला, सगळं मांडून झाल्यावर, कौतुकाने मी त्यांना टेबलाशी, खिडकीजवळच्या त्यांच्या रोजच्या खुर्चीवर बसवलं होतं आणि कुठे काय आहे ते एकेक करून सांगितलं होतं. ते फार छान म्हणाले होते.

"पिवळं धुकं होतं नुसतं," ते म्हणाले. "तू एवढं केलं होतंस, म्हटलं हरकत नाही, पाठ करू. रस उजवीकडे, वितीवर. कढी डावीकडे. मीठ ताटाच्या वर, पाणी त्याच्या शेजारी. तू आत गेल्यावर मी दोनदा हात फिरवून पाहिला. बरोबर आला."

"मग?"

"मग माणसं आली, आणि तू मला उठवून दुसऱ्या खुर्चीवर बसवलंस."

घर त्यांचं, मान त्यांचा. टोकाच्या खुर्चीवर बाबा शोभून दिसतील, दादाला दिसेल की हे या घराचे कर्ते आहेत, असं मला आयत्या वेळी वाटलं होतं. तिथे उजव्या कोपऱ्यात पन्ह्याचा जग होता. रसाची वाटी मोठी, ती उजवीकडे बसेना, म्हणून त्या ताटाशी रस डावीकडे आणि कढी उजवीकडे मी स्वतः मांडली होती. जग हलवता आला असता.

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. जुन्या ड्रॉइंगमध्ये कुठे माप चुकलं ते कुणी दाखवावं, तसं ते सांगत होते. हात त्यांनी चादरीवर पालथे ठेवले होते, एक उजवीकडे, एक डावीकडे.

"त्या खुर्चीवरून जेवलो असतो मी, नंदे," ते म्हणाले.

मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, रविवारच्या गोळ्या भरून झाल्या का. मी हो म्हटलं. रविवारचा खण रिकामा होता.